घाटाच्या नकाशावर आईचं बोट

मे १९७३, रविवार संध्याकाळ

आज आईला माझा नकाशा दाखवला. दाखवला नसता तर बरं झालं असतं का?

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या कामासाठी मी आमच्याच गावची नदी घेतली आहे, तिच्यावर नवा घाट बांधायचा म्हणून. पुण्याच्या कॉलेजात बसून तिला काठोकाठ निळा रंग दिला. इथं तुळजापूरच्या एस.टी.तून उतरलो, तर नुसती वाळू. बाया वाळूत झिरे खोदून वाटीवाटीनं घागर भरतात. आई तिथूनच आली होती, हात ओलेच.

"आई, या पायऱ्या बघ. सगळ्या गावाला एकच घाट."

ती बघत राहिली. "पानी लई दाखवलंस की रं."

"तू कुठं बसशील धुणं घेऊन?"

तिनं बोट ठेवलं ते पार खालच्या कोपऱ्यात. पायऱ्या संपल्यावरही पुढं, जिथं मी फक्त खडक काढलेत. आमचा झिरा आजही तिथंच आहे, गावाच्या खालच्या अंगाला. बौद्ध होऊन इतकी वर्षं झाली, नदी आटली, पण आमची जागा हलली नाही.

"इथं मधे बस की," मी म्हटलं.

ती हसली. "आधी पानी तर येऊ दे."

परत परत तेच बोट दिसतंय. मला तिला मधल्या पायरीवर बसलेलं बघायचंय, पाय पाण्यात सोडून.

खडकांवर तिच्या ओल्या बोटाचा डाग पडलाय. सर रागावतील, नवा कागद घ्यायला हवा. पण घेणार नाही. अख्ख्या नकाशात खरं पाणी तेवढंच आहे.