कोपऱ्यातली झाडूवाली

विश्रांतवाडी, रविवार, रात्र

कॅम्पात शूज बघायला गेलो आणि शिरलो जुन्या चित्रांच्या प्रदर्शनात. शूज राहिलेच. दीडशे वर्षांपूर्वीचा पुण्यातला रस्ता, कुण्या गोऱ्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. पालखी, घोडी, पागोटी, आणि कोपऱ्यात वाकून झाडणारी बाई. फोटो काढला, पण स्टेटसला टाकताना ती बाई कापली. चित्र बिघडवत होती म्हणून? की मित्रांना सांगून ठेवलंय, आई महापालिकेच्या ऑफिसात असते, म्हणून? आई रस्ते झाडते.

जेवताना तिनेच स्टेटस बघितलं. म्हणाली, "एवढी घोडी, आणि रस्ता लख्ख! तेव्हा घोडी हगत नव्हती वाटतं? झाडायचं कोण रे?"

अख्खा फोटो मोबाइलमध्येच होता.

"मला काय माहीत," म्हणालो.