परतीचे पाच दाणे

९ नोव्हेंबर १९९८

सुरतेला पोचले. उधना स्टेशनवर उषा स्वतः घ्यायला आली होती. माझी ट्रंक उचलून पाहिली आणि विचारलं, ताई, यात दगड भरलेत का? पुस्तकं आहेत म्हटल्यावर म्हणाली, म्हणजे दगडच. फार दिवसांनी मोठ्याने हसले.

उषा माझी मावसबहीण. लहानपणी सुट्टीत आम्ही एका ताटात जेवायचो. तिचं घर डिंडोलीत, सोसायटीतलं. खाली ती, तिचे यजमान अरविंदराव आणि त्यांचं दुकान. वर गच्चीला लागून माझी खोली. खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात. हीच लाइन पुढे नंदुरबारला जाते, जिथे माझी हर्षदा दिली आहे. बरं वाटलं.

अरविंदरावांना पाहून थक्क झाले. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात त्यांना दोघांनी धरून बसवलं होतं. किडन्या गेल्या, बँकेतली नोकरी गेली, डॉक्टरांनी महिनेच सांगितले होते. आज तेच माझी ट्रंक खांद्यावर टाकून जिना चढले. वर हसून म्हणाले, आमचं पहिलं गिऱ्हाईक आलं! ते खरंच आहे. दुकान सुरू होण्याआधी उषाने मला टपालाने साडी पाठवली होती. साडी टपालाने नीट पोचते का, हे तिला बघायचं होतं म्हणे.

ती साडी आली आणि महिन्याच्या आत हे गेले. त्याला आता वीस महिने झाले. दोंडाईच्याच्या वाचनालयात हे शिपाई होते. मी चौथीतून शाळा सोडलेली. यांनी आणलेली पुस्तकं चाचपडत वाचायला शिकले. वाचनालयातल्या स्टुलावर बसल्या बसल्या यांनी मान टाकली. रोज आठवण येते. रोज कामही करते.

आता एकच मागणं आहे. हर्षदाचा संसार नीट चालावा आणि तिच्यावर माझा भार नसावा. जावई चेतन एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक आहेत, सोन्यासारखा माणूस.

१२ नोव्हेंबर

दुकान कसलं, तीन खोल्या. एकीत साड्यांचे गठ्ठे, एकीत कॉम्प्युटर, तिसरीत बांधाबांध. पाटी नाही, गल्ला नाही. गिऱ्हाईक अमेरिकेत, लंडनला, दुबईत बसून कॉम्प्युटरवर साडी बघतं आणि पत्रही त्यातच धाडतं. कॉम्प्युटर तारेवर बोलत असला की घरचा फोन बंद. शेजारणी कुरकुरतात की तुमचा फोन म्हणजे नवऱ्यासारखा, हवा तेव्हा एंगेज.

साडीचा फोटो गच्चीवर सकाळच्या उन्हात काढायचा. पूर्वी रंगावरून साड्या परत यायच्या. काचेवर एक रंग दिसायचा, हातात दुसरा. मग उषाने साडीशेजारी एक लिंबू आणि एक हिरवी मिरची ठेवायला सुरुवात केली. लिंबाचा रंग साऱ्या जगाला ठाऊक असतो. लिंबू जितकं पिवळं दिसेल त्यावरून बाई साडीचा अंदाज बांधते. तेव्हापासून माल परत येणं जवळजवळ थांबलं. हुशार आहे माझी बहीण.

२९ नोव्हेंबर

एवढं चालतं कशामुळे, हे आता कळलं. उषा म्हणते, सुरतेत साड्या विकणारे पायलीचे पन्नास, आपण माहेर विकतो. प्रत्येक साडीबरोबर ओटी जाते: खण, हळकुंड, सुपारी, कुंकवाची पुडी आणि मूठभर तांदूळ. शिवाय हाताने लिहिलेलं पत्र. ते माझं काम. माझं अक्षर चांगलं. खाली सही मात्र ‘तुमची उषा’ अशी करायची.

पत्रात एक ओळ कधीच चुकवायची नाही. ओटी भरल्यावर आपल्या रीतीप्रमाणे त्यातले पाच दाणे परत द्यावेत, त्यासाठी पत्ता लिहिलेलं पाकीट सोबत आहे. परदेशातल्या बायका या ओळीवर जीव टाकतात. एकीने लिहिलं की दाणे पाकिटात घालताना आई समोर उभी आहे असं वाटलं. रोज वीस-पंचवीस पाकिटं येतात. पाकिटात दाणे, वर आणखी दोन मैत्रिणींची ऑर्डर.

ओटीचे तांदूळ उषाच भरते. मी विधवा, मी हात लावत नाही. तसं तिने सांगितलं नाही, पण डबा माझ्यासमोरून उचलून नेते.

१८ डिसेंबर

कॉम्प्युटरमधली पत्रं अरविंदराव कागदावर छापून देतात. इंग्रजी अक्षरांत मराठी असतं. हर्षदाच्या शाळेच्या पुस्तकांवरून मी ती अक्षरं शिकले होते, त्याचा आता उपयोग होतो.

आज एका बाईचं पत्र आलं. दिवाळीची साडी आवडली होती, दाणेही पाठवले होते. आता लिहिते, मला यापुढे साड्यांची चित्रं धाडू नका, मिस्टर गेले, काहीच आजार नव्हता. मी सांत्वनाचं पत्र लिहिलं. लिहिताना माझेच दिवस आठवले. सही ‘तुमची उषा’.

६ जानेवारी १९९९

संक्रांतीची झुंबड. दोन दिवसांत शंभरावर पार्सलं गेली. हर्षदाची लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणून उषाने स्वतःहून तिच्यासाठी काळी चंद्रकळा काढली. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, ताई, माझी भाची नाही का ती? ओटी तिनेच भरली, पत्र मी लिहिलं. सवयीने तीही ओळ लिहिली. मीच पार्सल पोस्टात दिलं.

९ जानेवारी

आणखी दोन पत्रं तशीच. एक लेस्टरहून, एक मस्कतहून. मिस्टर गेले. मिस्टर गेले.

अरविंदरावांना विचारलं. त्यांनी समजावलं की आपल्याकडे दोन हजार बायकांची नावं आहेत, दोन हजार पुरुषांत काही जाणारच, हे साधं गणित आहे. खरंही वाटलं. बोलता बोलता दोन गठ्ठे उचलून आत गेले. दम लागत नाही त्यांना. कानशिलावरचे केसही काळे होत आहेत.

११ जानेवारी

नवागामहून पुष्पाबाई फॉल-पिकोच्या साड्या न्यायला येते. नवरा धुडकू लूमवर, म्हणजे यंत्रमागावर आहे. उषाने तिच्यासाठी संक्रांतीची ओटी काढून ठेवली होती. पुष्पाबाईने हात मागे घेतला, म्हणाली, विटाळ आहे. जिन्याखाली मला गाठून सांगितलं की विटाळबिटाळ काही नाही. तिच्याआधी पिकोला रंजना होती. तिने या घरची ओटी घेतली, पाच दाणे दिले, आणि आठव्या दिवशी धडधाकट नवरा लूमपुढे कोसळला.

मी म्हटलं, योगायोग असेल.  ती म्हणाली, पुस्तकं वाचस तू, मानसं वाचता येत नही तुले. परत आलेले दाणे कुठे जातात, एवढं बघ म्हणाली.

१२ जानेवारी

बघितलं. सकाळी साडेदहाला पोस्टमन येतो. उषा पाकिटं फोडून दाणे वाटीत गोळा करते, लहान पातेल्यात शिजवते. तेवढाच भात अरविंदरावांच्या ताटात पहिला वाढते. ते डोळे मिटून खातात. तिचे ओठ हलत असतात.

१३ जानेवारी

उषा बाजारात गेली होती. तांदळाच्या डब्यामागे एक वही सापडली. तिचंच अक्षर. प्रत्येक नावापुढे दोन तारखा. पहिली, दाणे आल्याची. दुसरी कशाची हे मी लेस्टरच्या बाईच्या नावावरून ताडून पाहिलं.

मग पहिलं पान उलगडलं.

एक नंबर. सरला सुकदेव, दोंडाईचा. माझंच नाव. पुढे दोन तारखा. दुसरी मला वाचावी लागली नाही.

त्या साडीबरोबरही तांदूळ होते. पाकीट होतं. मी दाणे घातले, आणि पोस्टात टाकायला यांच्याच हाती दिलं होतं.

१३ जानेवारी, दुपार

हर्षदा! सकाळपासून स्वतःचंच रडत बसले आणि तिचं—

कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून नंदुरबारला तिच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. ती धावत आली. मी म्हटलं, ओटीतले दाणे पाठवू नकोस. ती हसली. म्हणाली, आई, पार्सल आलं त्याच दिवशी पाठवले, चेतन स्वतः पेटीत टाकून आले. म्हणाले, सासूबाईंचं पत्र आहे, उशीर नको.

१४ जानेवारी

उषाला विचारलं. ती नाही म्हणाली नाही. तीळ भाजत होती, भाजतच राहिली. म्हणाली, तुझ्या नवऱ्याचे हातपाय चालत होते ताई, माझा रोज मरत होता. एका बाईने काय करायचं?

मीच का, असं विचारलं. म्हणाली, परक्या बाईने दाणे परत पाठवले असते की नाही, काय सांगावं? तू विचारल्याशिवाय पाठवणार, हे मला ठाऊक होतं.

एका ताटात जेवलो होतो आम्ही.

मग हर्षदाचं नाव काढलं. तिच्या हातातला झारा थांबला. अगदी मनापासून म्हणाली की साडी मायेने दिली होती, ओटी भरताना हात सवयीने चालला.

१५ जानेवारी

पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसले. हर्षदाचं नाही. तेवीस पाकिटं होती. ती ओढून घ्यायला गेले तर अरविंदरावांनी माझं मनगट धरलं. केवढी ताकद.

१६ जानेवारी

नाही.

१८ जानेवारी

आलं. हर्षदाचं अक्षर. उषाने ते स्वतः माझ्या हातात दिलं. माझे पाय धरले, रडली. म्हणाली, आपल्या पोरीचं मी घेणार नाही.

मी नदीत टाकते म्हटलं. ती म्हणाली, तसं करू नकोस, वाया गेले तरी माणूस जातोच. एकीचं पाकीट टपालात फाटलं होतं, तिचाही गेला. हर्षदाला परत देऊनही चालत नाही, दिलेलं देणाऱ्याला लागत नाही. एकच उपाय आहे. विधवेने शिजवून खायचे. तुला नवरा नाही ताई. त्या आयुष्याला जायला घर सापडणार नाही, ते आपल्या मूळ घरी परत फिरेल.

पटलं मला. मला कोण आहे? कुणाकडे जाणार?

शिजवले. पाच दाणे. खाल्ले.

१९ जानेवारी

सकाळी फोन केला. चेतनला किंचित कणकण आहे, पण कामावर गेलेत. हर्षदा म्हणाली, आई, तू उगाच घाबरतेस.

२० जानेवारी

दुपारचे बारा. गच्चीवर साड्यांचे फोटो चालले होते. लख्ख ऊन. जिन्यावर पावलं वाजली. मला वाटलं पुष्पाबाई.

हे होते.

वाचनालयाचा खाकी शर्ट. तसेच उभे राहिले जसे कामावरून आल्यावर राहायचे, पाण्याची वाट बघत. मी पाणी दिलं. काय करणार? बावीस महिने मी—

मागून उषा वर आली. हातात कुंकवाचा करंडा. गेल्या अडीच महिन्यांत तिने मला कधी कुंकू लावलं नव्हतं. आज तिने माझ्या कपाळाला बोट टेकवलं. म्हणाली, आता तरी समजून घेशील मला.

ती खोटं बोलली होती. घर सापडलं.

२१ जानेवारी

नंदुरबारहून फोन. चेतन सरकारी दवाखान्यात. ताप उतरत नाही, माणूस ओळखत नाहीत. हर्षदा रडत होती, आई लगेच ये.

वर आले तर हे माझ्या प्रवासाच्या पिशवीवर हात ठेवून बसलेले. म्हणाले, जाऊ नकोस. आवाज यांचाच. मी बसले. गाडी गेली. खिडकीतून दिसली.

मी बसले. का बसले मी?

२२ जानेवारी, सकाळ

यांचे हात गार पडत चाललेत. नखं निळी. पाच दाणे किती पुरणार? माझ्या उंबऱ्यावर अकरा पाकिटं ठेवलेली. वर उषाची चिठ्ठी, ताई, निम्मी तुझी.

फोडली नाहीत.

एक फोडलं. नुसतं बघितलं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या कुणी बाई आहेत. लिहिलंय, उषाताई, तुमच्या अक्षरात माया आहे.

अक्षर माझं आहे.

२२, अकरा वाजता

यांना सगळं सांगितलं. हात जोडले. म्हटलं, तुम्ही परत जा, म्हणजे ते पोराकडे परत फिरेल. आपल्या हर्षदाचं कुंकू आहे ते. आपल्या हर्षदाचं.

 यांनी विचारलं, कोण हर्षदा?

तिला खांद्यावर घेऊन वाचनालयात नेणारा माणूस. कोण हर्षदा, विचारतो. हे हे नाहीत. मी काय आणलंय घरात, कुणासाठी पोरीचं—

खाली फोन वाजतोय. उषा जिन्यातून हाक मारतेय, ताई, नंदुरबारचा असेल, लवकर ये.

उठले. त्याने पदर धरला आहे. एका हाताने लिहितेय. तो पाकिटांकडे बोट दाखवतोय, आधी भात टाक म्हणतो, आणि फोन थांबला, उषा काहीतरी बोलतेय खाली, हळू, आणि मग ती—