बाबांच्या ताटातली कर्ली

दहिसर, बुधवार
१२ फेब्रुवारी १९८६

ती. सौ. रत्नप्रभाताईस,

धाकट्या गुणाजीचा साष्टांग नमस्कार. (आमच्या खोलीत साष्टांग घालायचा तर पाय गॅलरीत जातात आणि शेजारी ओलांडून जातात, तेव्हा तो मनातल्या मनात घातला आहे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींनी तंबाखू सोडली, की अजून 'सोमवारपासून' चालू आहे? मी आणि मालन ठणठणीत. बाबांचं मात्र सविस्तर लिहितो, कारण तुझं पत्र वाचून परवा माझाच घास अडकला.

आपल्या गावच्या बाळाने तुला सांगितलं की बाबा दहिसरला वाळून काठी झालेत, मासा समोर आला की ताट सारतात आणि सून ढुंकून बघत नाही. त्यावर तू लिहिलंस, शिमग्याला येते आणि बाबांना आचऱ्याला घेऊन जाते. ताई, हा बाळा आमच्याकडे तासभर बसला, मालनने केलेले पोहे दोनदा मागून खाल्ले, आणि गावी जाऊन हे दिवे लावले! असो. बाबा वाळलेत हे खरं आहे, खोटं कशाला बोलू? पण दुर्लक्ष? अगं, तीन महिने मी त्यांच्या जेवणापायी अख्खं उपनगर पालथं घातलंय. आधी ऐक, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

तुला माहीतच आहे, आईचं वर्ष होईपर्यंत बाबांनी मासा सोडला होता. दिवाळीनंतर ते इथे आले तेव्हा म्हटलं, आता म्हाताऱ्याची चंगळ. पहिल्याच रविवारी स्टेशनजवळच्या बाजारातून नंदा कोळणीकडून ताटाएवढं पापलेट घेतलं. बाबांनी घासभर चिवडलं, "ह्या बर्फातला" म्हणाले आणि डाळ-भात खाऊन उठले. बुधवारी बांगडे आणले, तेही बर्फातले. शुक्रवारी मांदेली आणली तर ती म्हणे बारकी. मी काय बोलणार? आचऱ्याच्या बाजारात लोक मासा उचलण्याआधी बाबांच्या तोंडाकडे बघायचे, आणि मला मासा फक्त तळल्यावर ओळखता येतो (तोही कुणी सांगितला तर).

मग ऑफिसातला पॉल म्हणाला, ताजं हवं तर आमच्या मनोरीला ये यार, होडी लागली की थेट उचल. बाबांची आवडती कर्ली मिळेल म्हणून मी अर्धी रजा टाकून मार्व्याला गेलो, तरीच्या होडीतून पलीकडे उतरलो, तर ओहोटी! गुडघाभर चिखल. त्यात डाव्या पायाची चप्पल गेली ती गेलीच. (उजवी मी घरी आणली. कशाला, ते मालन अजून विचारते.) हातभर लांब कर्ली घेऊन एका चपलेवर घरी आलो. मालनने तिरफळं घालून असं कालवण केलं की शेजारी दारं उघडी ठेवून बसले. बाबांनी वाटी जवळ ओढली, वास घेतला, डोळे मिटले. मी मनात म्हटलं, जमलं! आणि बाबा म्हणाले, पोट बरं नाही, दही-भात द्या. ताई, मी एवढा चिडलो की यापुढे मासा तुम्हीच जाऊन आणा असं त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी गपचूप दही-भात खाल्ला. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात मालनने ओले बोंबील तळले. बाबांनी आठ खाल्ले. आठ! मग काय, आमच्याकडे ओळीने अकरा दिवस बोंबील (सोमवार सोडून, आपण काही अगदीच सोडलेली माणसं नाही). बाराव्या दिवशी मालनने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, या घरात मी राहू की बोंबील?

म्हणून सुरमई आणली. आता सुरमईला कोण नावं ठेवणार? बाबा ताटाकडे बघून म्हणाले, "हलवो शिळो आसा." हलवा! माझं डोकंच फिरलं. नंदाने सुरमई सांगून मला हलवा गळ्यात मारला म्हणून मी ती तळलेली तुकडी डब्यात घालून तिच्यासमोर नेऊन आदळली आणि तोंडाला येईल ते बोललो. नंदाने शांतपणे एका हातात लांबलचक सुरमई उचलली, दुसऱ्या हातात गोल काळा हलवा, आणि बाजाराला ओरडून विचारलं की या मालवणी माणसाला यातला फरक कोण सांगतंय. भाजीवालीने सांगितला, ताई. भाजीवालीने! मी तोंड लपवून निघालो, तर नंदानेच मागून हाक मारली. हलवा कोण म्हणालं, घरात दुसरं काय काय टाकतात, काय खातात, सगळं विचारून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "बोंबलाचा काटा मऊ, चावून जातो. तुझ्या बापाला दिसतं ना रे?"

 त्या रविवारी जेवताना मी बाबांच्या हाताकडे बघत बसलो. बोटं ताटात माशाचा तुकडा चाचपत होती, दाबत होती, काटा लागला की पुन्हा ठेवून देत होती. अगं, मोतीबिंदू पिकलाय त्यांचा! सुनेसमोर काटा घशात अडकेल, म्हातारा मासा खायला विसरला म्हणतील, या भीतीने तो माणूस इतके दिवस डाळ-भात गिळत होता. गावी असताना आई त्यांच्या ताटाशी बसून काटे काढायची, आठवतं? आपण दोघं तिला चिडवायचो, काय गं एवढे लाड. तिला सगळं ठाऊक असणार. बोलली नाही बघ कुणाला. आणि वर्षभर मासाच बंद, म्हणून तुझ्याही लक्षात आलं नाही.

तेव्हा आता आमच्याकडे नवीन पद्धत आहे. मी ऑफिसातून आलो की आतल्या मोरीजवळ पाटावर बसून काटे काढतो. कर्लीला तास लागतो. त्या माशात मांस कमी आणि काटेच जास्त, देवाने काय विचार करून बनवलाय कोण जाणे. बोटं सोलली, एक काटा माझ्याच घशात गेला आणि चार केळी खाऊन उतरवला. मग मालन तो मासा भातात कालवून वाढते आणि सांगते, आमच्याकडे असाच वाढतात. परवा बाबांनी दोनदा भात घेतला आणि म्हणाले, "आज कालवण जमला." मी मोरीत जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू?

तर या काटे काढण्याचं बाबांना काही माहीत नाही, आणि कळूही द्यायचं नाही. त्यांचा मान आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गुणाजी

ता. क. शिमग्याला येतेस ती जरूर ये, पण बाबांना न्यायला नको गं. डॉक्टर म्हणतो ऑपरेशनने दिसेल. मी विषय काढला की ते गॅलरीत जाऊन बसतात. तुझं ऐकतील. आणि खरं सांगू? मला त्यांच्या ताटाशी बसायची सवय झालीय. ते गेले तर मी संध्याकाळी काय करू?

ता. क. दुसरा. मी तुला लिहितोय कळल्यावर बाबा म्हणाले, मलाही दोन ओळी लिहू दे. वरचं त्यांना वाचता येणार नाही, म्हणून कागद बेधडक देतोय. अक्षर तिरकं जाईल, सांभाळून घे:

"रत्ना, आशीर्वाद. तू ये. डोळ्यांचा तू इलंस की बघू. गुणाजीक मासो कळणा नाय, पण काटे बरे काढता. माका म्हायती नाय असा त्येका वाटता. वाटांदे."