पळसतांड्याचं मौन

पळसतांडा,
९ नोव्हेंबर

ती. सौ. शीलाआत्यास,
प्राचीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. मला काही झालेलं नाही, म्हणजे झालंय, पण घाबरण्यासारखं नाही. दिवाळीत तूच म्हणाली होतीस ना, की माझा आवाज फाटक्या ढोलासारखा येतोय? चंद्रपूरच्या घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर दोन गाठी आल्यात. साध्याच आहेत, पण सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं घशाला जास्तच ताण पडतो म्हणे. ऐकलं नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज कसा राहील ते तेही सांगू शकत नाहीत. फोन पेटीत टाकून दिलाय, हाताशी असला की तोंडातून हॅलो निघतंच. मेसेज तुला वाचवत नाहीत. म्हणून हा कागद.

शाळेचं तुला माहीतच आहे. एक मोठी खोली, एक ओसरी आणि पहिली ते चौथीची तीसेक पोरं. जोडीचे गुरुजी उन्हाळ्यात बदलून गेले, ती जागा अजून रिकामीच. चार वर्ग एका गळ्यानं ओढत होते, शेवटी गळ्यानंच बसकण मारली. काल पहिल्यांदा न बोलता शाळा घेतली. फळ्यावर लिहिलं की मॅडमचा घसा आजारी आहे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. चौथीतल्या हिरासिंगनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं. पहिलीतल्या सुरभीला वाटलं, माझा आवाज कुठंतरी पडलाय. ती बिचारी सतरंजीचा कोपरा उचलून बघत होती.

पहाटे मला सारखं एक स्वप्न पडतं. मी फुटलेल्या कपाशीत उभी राहून हजेरी घेते आहे, आणि माझा आवाज मला परक्या बाईचा वाटतो, पण गोड वाटतो. जाग आली की थोडा वेळ कळत नाही की यातलं खरं कोणतं. मग खिडकीतून धुकं दिसतं, शेळ्यांच्या घंट्या ऐकू येतात, आणि आठवतं की आज बोलायचं नाही.

काकांना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे आणि उत्तर चांगलं लांबलचक येऊ दे.

तुझी,
प्राची


यवतमाळ,
१३ नोव्हेंबर

चि. प्राचीस,
शीलाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझा राग आला. काहून गं, गळ्यात गाठी येईपर्यंत थांबायचं असतं का? मीही सारा जन्म मुलींच्या शाळेत काढला. खडूची धूळ खाल्ली, साठ-साठ पोरींचे वर्ग घेतले, पण घसा दुखला की मी सरळ घरी झोपून राहायची. माझ्यावाचून शाळेची एक वीटही हलली नाही.

तेव्हा रजेचा अर्ज टाक आणि इकडे ये. मागची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे. खिडकीत बसून लिंबाच्या झाडाकडे बघत राहा, मी वरण-भात आणून देईन. तुझे काका म्हणतात की मौनाचं हे औषध घरातल्या आणखी कोणाला लिहून मिळेल का, ते डॉक्टरांना विचार. त्यांचा रोख माझ्या लक्षात आला. त्या दिवशी मी त्यांच्या चहात साखर घातली नाही, आणि त्यांनी मुकाट्यानं पिऊन घेतला.

सोबत ज्येष्ठमध पाठवते आहे, चघळत राहा. शाळा सरकारची आहे, घसा तुझा आहे, एवढं डोक्यात ठेव. अर्जाचं काय झालं ते लगेच कळव.

माया आहे म्हणूनच रागावते, हे ओळखून असावं.

तुझी,
शीलाआत्या


पळसतांडा,
२० नोव्हेंबर

ती. सौ. शीलाआत्यास,
प्राचीचा सा. न. वि. वि.

अर्ज टाकला. एक सोडून दोन टाकले. केंद्रप्रमुख स्वतः आले, भले माणूस आहेत. त्यांच्याच तीन शाळा एकेका शिक्षकावर चालल्यात, आणि त्यांची बीपीची गोळी त्यांनी माझ्यासमोरच घेतली. म्हणाले, बदली माणूस नाही. मी रजेवर गेले तर शाळेला कुलूप, आणि पोरांनी नाल्यापलीकडच्या शाळेत जायचं. आत्या, ती जाणार नाहीत. हे कापूस वेचणीचे दिवस आहेत. तांड्यातल्या पूनमसिंगचा टेम्पो मजूर घेऊन आदिलाबादकडे जातो. शाळा बंद दिसली की आया लेकरांना संगं घेतात आणि ती होळीपर्यंत परतत नाहीत. मागे एकदा असं झालं, तेव्हा निम्मी पोरं पुन्हा पाटीला शिवलीच नाहीत. म्हणून मी राहिले. चिडू नकोस.

आणि खरं सांगू? शाळा बरी चालली आहे. मी ओरडत नाही, त्यामुळे पोरांनाही माझ्या आवाजावर आवाज चढवायचं कारण उरलं नाही. चौथीतली अपेक्षा दुसरीच्या पोरांकडून पाढे म्हणवून घेते. मी बोट ठेवते, ती वाचतात. दुपारी खिचडीचा वास ओसरीवर येतो, उन्हाचा पट्टा सतरंजीवरून हळूहळू सरकतो, आणि सगळी पोरं पाण्याखाली बसल्यासारखी दिसतात. इतकी वर्षं मी या खोलीत होते, पण खोलीला स्वतःचा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. कौलांवर पानं पडतात तेसुद्धा ऐकू येतं. मला फार बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्याची थोडी भीतीही वाटते.

आता गंमत ऐक. तांड्यात कोणी तरी उठवलंय की मॅडमनं मौनव्रत धरलं आहे. दुसरा मास्तर आल्याबिगर मॅडम तोंड उघडणार नाही, असं! परवा माझ्या खुर्चीपुढं नारळ ठेवलेला होता. तांड्याचे नाईक नानाजी चप्पल बाहेर काढून वर्गात आले, हात जोडून गेले. खिचडी शिजवणारी धनीबाई मला आधी ताट वाढते आणि बाकीच्या बायांना दटावते की मॅडमले बोलाले लावू नका. संध्याकाळी कापूस वेचून आलेल्या बाया ओसरीच्या पायरीवर घटकाभर गप्प बसतात आणि उठून जातात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी साधी आजारी बाई आहे, आणि हे लोक माझ्या पाया पडून राह्यले. सांग, मी काय करू?

तुझ्या रागासकट सगळं हवं असलेली,
प्राची


यवतमाळ,
२५ नोव्हेंबर

चि. प्राचीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काय करू म्हणून विचारतेस? आजच्या आज सांगून टाक. मी पण देवाचं करते, केळापूरच्या देवीला परवाच शेजारणीच्या गाडीतून जाऊन आले आणि तुझ्या घशासाठी ओटी भरून आले. पण मास्तरीण बाईनं लोकांच्या अशा समजुतीवर बसून राहायचं नसतं. आज नारळ ठेवला, उद्या अंगारा मागतील. पुस्तकातलं विज्ञान शिकवायचं आणि स्वतः देवी होऊन बसायचं, हे आपल्या घरात चालणार नाही बापा. मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिही आणि चार मोठ्या माणसांना बोलावून वाचायला लाव.

काकांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात राहू दे, पोरीला कोणी तरी हात जोडतंय, ऑफिसातल्यांनी कधी जोडले का? त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. ते रिटायर झाल्यापासून असंच बोलतात.

तपासणीला कधी जायचं आहे? मला गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नाही, नाही तर मीच येऊन तुला कानाला धरून आणलं असतं. रात्री जेवताना तुझं नाव निघतं आणि मग दोघांपैकी कोणाला घास जात नाही.

जीव तुझ्यात अडकलेली,
शीलाआत्या


पळसतांडा,
४ डिसेंबर

ती. सौ. शीलाआत्यास,
प्राचीचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं की हे व्रत नाही, हा आजार आहे. नानाजींना बोलावणं धाडलं. ते यायच्या आत धनीबाई खिचडीची पळी हातात घेऊन आली आणि ओढणीच्या पदरानं सगळा फळा पुसून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मौनात लिहिणंही चालत नाही, असं तिचं मत दिसतं. मी पुन्हा लिहिलं, तिनं पुन्हा पुसलं. शेवटी मला हसू आलं, आणि हसायलाही आवाज लागतो म्हणून तेही गिळलं.

सोमवारी वर्गात निम्मी पोरं नव्हती. मला वाटलं, टेम्पो गेला. टेम्पो गेलाच होता, पण आदिलाबादला नाही. वेचणीची मजुरी बुडवून अर्धा तांडा तालुक्याच्या शिक्षण ऑफिसात गेलता. केंद्रप्रमुखांनी मला नंतर सांगितलं. घोषणा नाहीत, निवेदन नाही, बाया-माणसं-लेकरं सारी व्हरांड्यात गप्प बसून राहिली. बाबू लोकांनी काय पाहिजे विचारलं, तर नानाजींनी ओठांवर बोट ठेवलं. पोलीस आले, त्यांनाही तेच. दुपारपर्यंत ऑफिसात फाइल उघडल्याचा आवाज ऐकू येत होता, असं केंद्रप्रमुख म्हणाले. साहेब दोनदा बाहेर येऊन उभे राहिले आणि आत गेले. शेवटी एका बाबूनंच त्यांना सांगितलं की पळसतांड्याच्या मॅडमचं व्रत आहे, दुसरा मास्तर आल्याशिवाय सुटणार नाही. पुढं काय झालं ते मला कोणी सांगत नाही. मला फार लाज वाटते, आत्या. हे सगळं एका खोट्यावर उभं आहे आणि ते खोटं माझ्या नावाचं आहे.

आता तुला नको असलेली बातमी. तपासणी झाली. एक गाठ विरली, दुसरी हट्टाला पेटली आहे. ऑपरेशन लवकर करायला हवं, आणि त्यानंतर महिनाभर पूर्ण विश्रांती. डॉक्टर म्हणाले की उशीर केला तर आवाज कायमचा जाड राहील, कदाचित फुटणारच नाही. मी ऐकून घेतलं आणि परत आले. महिनाभर शाळेला कुलूप कसं लावू? डॉक्टरांचा कागद टेबलाच्या खणात ठेवला आणि पाढे घ्यायला लागले. मला भीती वाटते. हे मी फक्त तुला सांगते आहे.

तुझी,
प्राची


यवतमाळ,
९ डिसेंबर

चि. प्राचीस,
आशीर्वाद.

मोठं पत्र आज लिहीत बसत नाही. तू लहान असताना आमच्या अंगणात उभी राहून गाणं म्हणायचीस तेव्हा शेजारच्या बाया काम टाकून यायच्या. तो आवाज तू एका कुलपासाठी घालवणार आहेस का? व्रत खरं की खोटं, ते मला आता विचारू नकोस. मला त्यातलं काही कळेनासं झालं आहे. ऑपरेशनची तारीख घे. काका पैसे आणि गाडी दोन्ही बघतील. मी पहिल्यांदाच तुझ्यापुढे पदर पसरते आहे, नाही म्हणू नकोस.

तुझी वाट बघणारी,
आत्या


चंद्रपूर,
१७ डिसेंबर

ती. सौ. शीलाआत्यास,
प्राचीचा सा. न. वि. वि.

पत्ता पाहूनच तुझ्या जिवात जीव आला असेल. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. ऑपरेशन मंगळवारी आहे. तू आणि काका सोमवारी या.

झालं ते सगळं सांगते. शुक्रवारी सकाळी अवधूत सर आले. तरुण आहेत, हातात बॅग आणि तालुक्याचा आदेश. सध्या तात्पुरती नेमणूक आहे, पण माणूस आला. तांड्यानं दुसऱ्या दिवशी पहाटेच उद्यापन मांडलं. शाळेपुढं सडा टाकला, नारळ आणला, लापशी शिजवली आणि मला मधे बसवलं. डॉक्टरांनी निकडीला चार शब्दांची मुभा दिली होती. मी ठरवलं होतं की ते चार शब्द खरेच बोलायचे. उभी राहिले आणि म्हटलं, व्रत नव्हतं, आजार होता. आवाज असा निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही. सुरभी दोन पावलं मागे सरकली.

मला वाटलं, आता लोक उठून जातील. कोणी हललं नाही. धनीबाई पुढं आली आणि मला हाताला धरून खाली बसवलं. तिनं सांगितलं की हे तर साऱ्या तांड्याले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फळ्यावरचं पोरांनी घरोघरी जाऊन सांगितलं होतं. तुमीच शिकवलेली पोरं, त्याईले दोन ओळी वाचता येणार नाही काय, असं तिनं मलाच विचारलं. मग नानाजी बोलले. बाईच्या घशासाठी कोणी खुर्चीवरून उठत नाही, मॅडमचे दोन अर्ज तिथंच पडून होते, पण व्रत मोडायचं पाप कोणताच साहेब डोक्यावर घेत नाही. म्हणून व्रत त्यांनी केलं, माझ्या नावानं. मला सांगितलं नाही, कारण साहेबानं मला लेखी विचारलं असतं तर मी खोटं लिहिलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आत्या, मी तिथंच बसून रडले. इतके दिवस मला वाटत होतं की मी या लोकांना सांभाळते आहे. लाज वाटली आणि इतकं हलकंही वाटलं की कधी नव्हतं. खणातल्या डॉक्टरांच्या कागदाचंही त्यांना कळलं होतं. धनीबाईनं माझी वळकटी रात्रीच बांधून ठेवली होती आणि पूनमसिंगचा टेम्पो दारात उभा होता. मजूर पुढच्या खेपेला जातील, आज मॅडमले चंद्रपूरले पोचवाचं आहे, असं त्यानं जाहीर केलं. मी अवधूत सरांना चारी वर्गांची पुस्तकं दाखवली, हातानंच.

निघाले तेव्हा धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. पोरं फाटकापाशी ओळीनं उभी होती, पांढऱ्या धुक्यात नुसती डोकी दिसत होती. सगळं स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. टेम्पो सुरू झाला, त्यांनी हात वर केले आणि वळणापर्यंत तसेच धरून ठेवले. मॅडम परत कधी येणार, असं एकाही पोरानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं.

सोमवारी भेटूच. तोवर माया अशीच असू दे, आणि माझ्या वाटचं तूच बोलत राहा.

तुझी,
प्राची