निर्माता मी, दयाळू दुसरीच

तीर्थस्वरूप उल्कामावशीला श्रीनिवासचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायचा तर सिंगापुरातल्या आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमधला सोफा आधी बाहेर काढावा लागेल, तेव्हा हा लेखीच गोड मानून घे.) तुझा डावा गुडघा कसा आहे? व्यायाम तू करतेस, की सांगणाऱ्या डॉक्टरांनाच करायला लावतेस? इकडे राधिका मजेत. लेक अश्लेषा हल्ली माझ्या कुठल्याही लांबलचक वाक्याला "कॅन, लाह" किंवा "कॅनॉट, लाह" एवढंच उत्तर देते (इथल्या इंग्रजीत 'होईल' आणि 'नाही होणार'). आणि मी? मावशी, मी इतका खुशीत आहे की हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची दोन माझी मलाच वाचता आली नाहीत.

चांगी बिझनेस पार्कातल्या आमच्या ऑफिसात मी 'दक्ष' नावाचं सॉफ्टवेअर बनवलं. ग्राहकांचे फोन घेणारी आमची एकशेसाठ माणसं. कोण उशिरा आलं, चहाला कोण किती वेळ गेलं, एका फोनवर कोण सात मिनिटांच्या वर रेंगाळलं, या सगळ्याचे गुण दक्ष देतो. गुण घसरले की ताकीद. तिसरी ताकीद झाली की पुढच्या सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला नोकरी संपल्याचं पत्र आपोआप एचआरच्या प्रमुखांकडे. मधे कुणालाही हात घालता येत नाही, मलासुद्धा नाही. (वशिलेबाजी नको म्हणून ती सोय मी स्वतःच मोठ्या ऐटीत काढून टाकली होती.) मी खूश होतो. तेवढ्यात ग्विनेथ ओंग नावाच्या बाई आमच्या विभागाच्या प्रमुख होऊन आल्या. त्या आधी कुठल्याशा हॉस्पिटलच्या कारभारात होत्या, सॉफ्टवेअरशी काडीचा संबंध नाही. आठ दिवस दक्षाचा कारभार पाहून म्हणाल्या, "श्री, कॅन बी काइंडर, लाह." पत्र जाण्यापूर्वी त्या माणसाशी कुणीतरी बोलावं, एवढंच त्यांचं म्हणणं. माझं डोकंच फिरलं! जिला यातली एक ओळ लिहिता येत नाही, ती माझ्या निर्मितीत दया घालणार? मी राजीनामा लिहून खिशात ठेवला. (तो पँटबरोबर मशीनमध्ये धुतला गेला, हे नंतर कळलं.)

शनिवारी दुपारी फोनवर एका फुकट व्याख्यानाची जाहिरात आली: 'सदोष निर्मिती आणि तिची सुधारणा'. मला वाटलं, आपल्याच धंद्यातलं काहीतरी. बुओना व्हिस्टाच्या त्या सभागृहात मी लॅपटॉप घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसलो. वक्त्या डिक्रूझबाई, सत्तरीच्या, धर्मशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. सुरुवातीची दहा मिनिटं मी त्यांच्या 'निर्मात्या'ला कुठल्यातरी कंपनीचा इंजिनियर समजून टिपणं घेत होतो. मग उमगलं, की बाई साक्षात देवाबद्दल बोलताहेत! अठराएकोणीसशे वर्षांपूर्वी काही ख्रिस्ती माणसांनी या जगातली रोगराई, दुष्काळ, लहान मुलांची मरणं पाहिली आणि ठरवलं, की हे जग बनवणारा तो दयाळू देव असूच शकत नाही. काळ्या समुद्राकाठचा एक जहाजमालक तर शिकवायचा, की जग बनवणारा देव कायद्याला पक्का, डोळ्याला डोळा मागणारा; आणि दयाळू देव निराळाच, अगदी परका. हे जग त्याचं नाही, आपण त्याचे कुणी नाही, तरी केवळ दया आली म्हणून तो आपल्यासाठी आला. (चर्चने या जहाजवाल्याला बाहेर काढलं. निर्माता आणि दयाळू एकच, असं बहुतेक ख्रिस्ती मानत आले, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं.)

मी लॅपटॉप मिटला होता. मला त्या निर्मात्याचीच बाजू घ्यावीशी वाटायला लागली. प्रश्नोत्तरांत उठलो आणि म्हणालो, "ज्यानं सगळं उभं केलं, त्याचं पुढे काय झालं? त्याला कुणी विचारलं का?"

"तुम्ही त्याचे नातलग का?" बाईंनी विचारलं. सभागृह हसलं. मग त्या म्हणाल्या, की याबद्दल दुसऱ्या एका पंथाची गोष्ट आहे. त्यांचा निर्माता दुष्ट नव्हता, अडाणी होता. आपल्यावर कुणी आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. दयाळू आला तेव्हा तो रागावला नाही. त्याला आनंद झाला, सगळं शिकून घेतलं, आणि जगाचा कारभार पुढे त्या निर्मात्याकडेच राहिला.

मावशी, मिटलेला लॅपटॉप मी पुन्हा उघडला आणि हे सगळं टिपून घेतलं.

सोमवारी सव्वानऊला यादी पाहिली. दहाच्या पत्रावर नाव निशिगंधाचं. ती नागपूरची, पदरी दोन वर्षांची मुलगी, इथं राहायचा परवाना म्हणजे नोकरीवर मिळालेला एम्प्लॉयमेंट पास. नोकरी गेली की पासही गेला. तिसरी ताकीद कशाची? एका फोनवर एकेचाळीस मिनिटं. मी तो फोन ऐकला. एक म्हातारे गृहस्थ पासवर्ड विसरले होते. तो त्यांच्या गेलेल्या बायकोच्या नावाचा होता, आणि ते नाव उच्चारायला गेले की त्यांना रडू येत होतं. निशिगंधा थांबली होती, बस्स.

मग मी दक्षाला थांबवायला धावलो. मीच बंद केलेली दारं मीच ठोठावून पाहिली, एकही उघडेना. दहाला सात मिनिटं असताना ग्विनेथबाईंकडे गेलो आणि म्हणालो, "मला हे थांबवता येत नाही!"

"मग जाऊ दे ना पत्र," त्या उठत म्हणाल्या. "वाचणारा माणूसच आहे ना? चल."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! आम्ही एचआरच्या खोलीत गेलो. दहाला पत्र पडद्यावर आलं, अगदी वेळेवर. (क्षणभर अभिमान वाटलाच.) मी म्हणालो, "चूक तिची नाही, हे बनवणाऱ्याची आहे. बनवणारा मी." एचआरच्या प्रमुखांनी त्या फोनची पहिली पाच मिनिटं ऐकली, चष्मा पुसला आणि पत्र रद्द केलं. निशिगंधाला यातलं काही माहीत नव्हतं. ती तेव्हा फोनवर होती, बाविसावं मिनिट चालू होतं.

आता रोज दुपारी ग्विनेथबाई सांगतात आणि मी दक्ष सुधारतो. इतका आनंद तो बनवतानाही झाला नव्हता! काकांना नमस्कार.

तुझा,
श्रीनिवास

ता.क. त्या व्याख्यानाची जाहिरात मला पाठवली ती आपल्या अभयने. हो, तुझ्याच लेकाने. बँक सोडून इकडे सिंगापुरात बेकरी काढली म्हणून तू ज्याला चार वर्षं घरात घेतलेलं नाहीस, तोच. राजीनाम्याचं सगळं त्याला सांगितलं होतं. व्याख्यानात तो शेजारीच होता आणि घरी परतताना मेट्रोत त्याने एवढंच विचारलं, 'आईचा गुडघा कसा आहे?' म्हणून हा सगळा पत्रप्रपंच. मावशी, त्याला घरात घे.

ता.क. २. विचार करायला वेळ हवा म्हणशील, तर तो फारसा नाही. हे पत्र तुला शेजारच्या स्मिताकाकूंनी आणून दिलं असेल. इथून विमानाने नेऊन त्यांना ते अभयने दिलं. तो त्यांच्याच स्वयंपाकघरात बसलाय, तुझ्यासाठी केक घेऊन.