सरळ केसांचा हिवाळा

रविवार, २५ नोव्हेंबर १९४५

थंडी पडली. आज पक्कं ठरवलं. केस सरळ करायचे आणि मागे वळवायचे.

नगरात केसांविषयी आजवर कोणी विचारच केलेला नाही. इथली माणसं डोकं टोपी ठेवायला वापरतात. मी शाळेत इंग्रजी शिकवतो आणि बोडक्या डोक्याने हिंडतो. त्यामुळे माझ्यावर जबाबदारी आहे.

१३ जानेवारीला प्रगती मंडळात माझं लेक्चर. विषय 'स्त्रियांची उन्नती आणि आपण'. अध्यक्ष काकासाहेब वकील. फोटोग्राफर येणार. लेक्चर रंगलं की मंडळाचा चिटणीस मीच, दुसरं आहे कोण? अडचण एकच. माझे केस कुरळे. वडिलांकडून आलेला दोष. कुरळ्या केसांचा माणूस उन्नतीवर बोलायला उभा राहिला की सोंगाड्या वाटतो.

वाचनालयात एका विलायती मासिकात लेख सापडला. सरळ केस हिवाळ्यात वारंवार धुऊ नयेत, आतलं नॅचरल ऑइल जातं. लेख बायकांसाठी होता. सायन्सला त्याचं काय? नियम केला: न्हाणं पंधरवड्यातून एकदा.

घरी जाहीर केलं. घरात माणसं तीन. मी, बायको दमयंती आणि रंगुआत्या. दमयंती म्हणाली, बरं. तिचा प्रत्येक गोष्टीवरचा अभिप्राय एवढाच. आत्या वडिलांची बहीण. तेराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून केशवपन, अंगावर तांबडं आलवण. माझे आईवडील लवकर गेले, मला आत्यानेच वाढवलं. तेव्हा केसांच्या प्रश्नावर तिचं मत विचारण्यात अर्थ नाही.

शनिवार, १ डिसेंबर

डोक्याला भयंकर खाज. वर्गात 'नाउन' म्हणजे नाम शिकवताना दोन्ही हातांनी खाजवलं. पोरं हसली. या पोरांना पुढे आयुष्यात काही जमणार नाही.

नियमात दुरुस्ती. पंधरवडा हा विलायतेतला पंधरवडा. तिथे केडगावकडून धुरळा येत नाही. इथे आठवड्यातून एकदा.

रविवार, २ डिसेंबर

न्हायला बसलो तर शिकेकाई संपलेली. दमयंतीला फैलावर घेतलं. ती म्हणाली, घरात लागते. कोणाला लागते? केस असलेली माणसं दोन. मी आठवडाभर डबा उघडला नाही, म्हणजे उधळपट्टी तिची. आत्या चुलीपाशी बसून खोकली. हिला थंडी बाधते.

शेवटी साबणाने धुतलं. पाणी खारं. केस वाळले आणि पूर्वीपेक्षा दुप्पट कुरळे झाले.

संध्याकाळी कापड बाजारात छगन न्हाव्याच्या दुकानात गेलो. म्हटलं, सरळ कर. तो म्हणाला, सायेब, धुवा नायतर धुऊ नका, ह्ये केस असंच वळनार. त्याला कात्रीपुरतं बोलायला सांगितलं. शिवाय आत्याच्या वपनासाठी हा माणूस मागच्या दाराला कित्येक दिवसांत दिसला नाही, त्याचा जाब विचारला. तो आरसा पुसायला लागला. म्हणाला, बगू. आळशी. हिचं डोकं सध्या कोण करतं देव जाणे. बायकांचा प्रश्न, बायकांनी बघावा.

रविवार, ९ डिसेंबर. पहाटे

अंडं! मासिकात पुढच्याच पानावर होतं. धुतल्यावर केसांना अंडं चोळावं, मऊ आणि सरळ होतात. काल कँपातून रुमालात गुंडाळून आणलं. आमच्या घरात या वस्तूचं नावही काढता येत नाही. सगळे झोपलेले असताना न्हाणीघरात उरकणार.

त्याच दिवशी, सकाळी ८

मासिकात पाणी कोमट घ्यावं असं लिहिलेलं नाही. निदान मला दिसलं नाही. बंबातलं कढत पाणी ओतलं आणि अंडं डोक्यावरच शिजलं.

आत्याला वास आला. म्हटलं, औषध आहे. ती लांब उभी राहून म्हणाली, शाम, कानामागे औषध राहिलंय, पिवळं. मग तिने पुन्हा आंघोळ केली. इतक्या थंडीत दोनदा आंघोळ करणं आरोग्याला घातक, हे मी तिला समजावलं. समजलेलं दिसलं नाही.

रविवार, १६ डिसेंबर

सिस्टिम बदलली. न्हाणं संपूर्ण बंद, रोज एरंडेल. तेलाच्या वजनाने केस खाली बसतात, हे साधं फिजिक्स आहे. उशी फेकावी लागली. फळ्यावरची खडूची भुकटी डोक्यावर बसते आणि उठत नाही. हेडमास्तरांनी विचारलं, डोक्यावर काही उपचार चालू आहेत का. हा माणूस एम.ए. कसा झाला कोण जाणे.

मंगळवार, २५ डिसेंबर

नाताळची सुटी. एरंडेल बंद. ते खेडवळ लोकांसाठी ठीक.

आजचा शोध जवसाचा. जवस उकळून गाळले की बुळबुळीत पाणी सुटतं. ते लावून केस चोपून बसवले. सरळ! आरशात पाऊण तास बघितलं. दमयंतीला दाखवलं. ती म्हणाली, छान, पण हलू नका.

संध्याकाळी काकासाहेबांकडे गेलो. चार पावलं चाललो तोवर जवस वाळलं आणि त्याचे पापुद्रे कोटावर पडायला लागले. काळा कोट. काकासाहेबांना मोतीबिंदू आहे, तरीही त्यांनी विचारलं, शामकांतराव, गिरणीतून आलात का? वकिली विनोद. हसलो नाही.

मंगळवार, १ जानेवारी १९४६

नवं साल. निश्चय: चित्त शांत ठेवणे, मूर्खांशी वाद न घालणे, केसांचा प्रश्न तेरा तारखेच्या आत निकाली काढणे.

लेक्चर घरात मोठ्याने वाचून बघितलं. दमयंती निवडत बसली होती, तांदळाकडेच जास्त लक्ष. आत्या मात्र स्वयंपाकघराच्या दारात शेवटपर्यंत उभी. विधवांच्या केशवपनाचा परिच्छेद माझा सगळ्यात जोरदार आहे. 'ती क्रूर वस्तऱ्याची रूढी आपण कोठवर सहन करणार?' इथे टाळ्या नक्की.

वाचून झाल्यावर आत्याने विचारलं, हे जे केसांचं म्हणतोस, ते नुसतं म्हणायचं असतं की करायचंही असतं? मी समजावलं, की लेक्चर आधी समाजाच्या मनात झिरपतं, मग एकदोन पिढ्यांनी परिणाम दिसतो. ती म्हणाली, हं. तिच्या वयाला एवढं पुरे.

शनिवार, ५ जानेवारी

जवसात दम नाही. राळ हवी. काष्ठौषधीवाल्याकडून आणली, एरंडेलात वितळवली आणि मानेवरच्या एका बटेवर लावून बघितली. बट काडीसारखी उभी सरळ. शाळा, जेवण, झोप, काही झालं तरी वाकली नाही. विजय!

दमयंतीने विचारलं, ही निघते कशाने? यश दिसलं की या बाईला शंका सुचतात.

शनिवार, १२ जानेवारी. संध्याकाळ

पूर्ण डोक्याला राळ लावली. केस मागे ओढले, वरून रुमाल घट्ट बांधला. आरशात मामलेदार दिसतो. उद्या या वेळेला चिटणीस.

रविवार, १३ जानेवारी. सकाळ

रुमाल निघत नाही.

सकाळ, थोड्या वेळाने

थंडीने राळ दगड झाली आहे. गरम पाणी: उपयोग नाही. खोबरेल: उपयोग नाही. दमयंती म्हणाली, रॉकेलने निघेल. रॉकेल रेशनचं, ते परवाच संपलं. सरकारचा नाकर्तेपणा.

सकाळ ११

छगनला बोलावलं. मागच्या दाराने आला, बरं झालं, गल्लीने बघितलं नाही. आधी माझी विचारपूस करायची सोडून आत्याला म्हणाला, आत्याबाई, बऱ्या हायसा नव्हं? आत्या म्हणाली, बरी आहे, तू याचं बघ. मग त्याने माझ्या डोक्याला हात लावला आणि बोटाने टकटक करून बघितलं. म्हणाला, सायेब, कात्री चालनार न्हाई. वस्तरा.

मागच्या ओट्यावर पाटावर बसून घेतलं. सगळं काढलं. रुमालासकट.

गार वारा थेट लागतो. त्याने मेंदूला तरतरी येते. टोपी घालून जाणार. विचार महत्त्वाचे, केस नव्हेत. हे मी पहिल्यापासून म्हणत आलो आहे.

रात्री ८

सविस्तर लिहितो, कारण गावात याची विकृत हकीकत पसरणार.

मंडळाचा हॉल भरलेला. काकासाहेब व्यासपीठावर होते. मी नमस्कार करायला वाकलो आणि टोपी पडली. त्यांनी डोळे बारीक करून माझ्या डोक्याकडे पाहिलं, माझे दोन्ही हात धरले, म्हणाले, अरेरे, केव्हा? मला वाटलं, केसांविषयी विचारतात. म्हटलं, आज सकाळीच. त्यांना भरून आलं. म्हणाले, आणि तरी लेक्चरला आलात! हा प्रसंग मला शोभून दिसत होता म्हणून मी अधिक काही बोललो नाही.

मग ते उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं, की शामकांतरावांची आत्या, जिने या पोरक्या मुलाला आईच्या मायेने वाढवलं, ती साध्वी आज सकाळी निवर्तली. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं.

सगळे उभे राहिले. मीही राहिलो. सभेत एकटं बसणं बरं दिसत नाही. खुलासा करायला तोंड उघडलं, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

बायकांच्या बाजूला दमयंतीजवळ एक वृद्ध बाई उभ्या होत्या. पांढरं स्वच्छ लुगडं, पदर खांद्यावर, चार बोटं वाढलेले रुपेरी केस नीट भांग पाडून विंचरलेले. केस अगदी सरळ. मी मनात म्हटलं, या कोणी पुण्याच्या सुधारक बाई दिसतात. लेक्चर ऐकायला मुद्दाम आल्या असतील.

त्या बाई म्हणाल्या, काकासाहेब, मी कुठे गेले? मी इथे आहे.

आवाज आत्याचा होता.

सगळ्या माना तिकडे वळल्या. मग कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, आत्याही हसली. तिला हसताना माझ्या लग्नानंतर आज पाहिलं. काकासाहेब काठी टेकत खाली उतरले, अगदी जवळ जाऊन त्यांनी तिचा चेहरा न्याहाळला आणि मान लववून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. पुष्कळ वेळ पडल्या. मी व्यासपीठावरून हात वर करून त्या थांबवल्या, पण त्या माझ्यासाठी नव्हत्या असं नंतर दमयंतीकडून कळलं.

लेक्चर दिलं. एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. केशवपनाचा परिच्छेद आला तेव्हा तो गाळून मी 'तात्पर्य' म्हटलं. तेवढ्यात आत्याच म्हणाली, शाम, ते केसांचं राहिलं. मी सांगितलं, वेळ संपली.

फोटोग्राफरने नमस्काराचा फोटो घेतला. त्यात माझी कोपरापासून बाही येईल म्हणाला.

घरी आल्यावर आत्याला स्पष्ट सांगितलं. तत्त्व म्हणून मला हे मान्यच आहे. पण घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारायला हवं होतं. इतकं लपवायचं?

ती म्हणाली, लपवलं कुठे? रोज तुला समोर बसून वाढत होते.

मग म्हणाली, छगनचा बाप वपनाला यायचा, तो आषाढात गेला. त्याच्या जागी छगन आला. त्याने वस्तरा काढला आणि खाली ठेवला. म्हणाला, आत्याबाई, माजा हात धजत न्हाई, आईसारक्या हायसा. मी म्हटलं, मग नको करूस. एवढंच झालं.

मी विचारलं, घरमालकीण काय म्हणेल? ती म्हणाली, तिने श्रावणातच सांगितलंय, तुमच्या हातचं पाणी पिणार नाही. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? म्हणाली, मी म्हटलं, तुझ्या घरी माठ आहे ना.

श्रावणापासून सगळ्या गल्लीला माहीत. दमयंती तिला शुक्रवारी न्हायला घालत होती. आजचं लुगडंही दमयंतीचंच. म्हणजे घरात कट.

जेवताना आत्याने भात वाढला. मी तिच्या डोक्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. कपाळावर एक बट येत होती, ती मनगटाने मागे सारत होती. ही सवय तिला केव्हा लागली? ताटातला भात निवला तरी मी तसाच बसलेलो.

आत्याने विचारलं, बरं वाटत नाही का? म्हटलं, टोपीमुळे डोकं दुखतं.

रविवार, २० जानेवारी

आठवडाभर घरात बायकांची रीघ. तिळगूळ हे निमित्त, येतात आत्याला बघायला. त्यात आलवणातल्या दोघी. त्या दाराजवळच बसून राहिल्या आणि आत्याच्या केसांना हळूच हात लावून गेल्या.

मंडळाने महिला शाखा काढली. काकासाहेबांनी आत्याला बोलावलं आहे. चिटणीसपद दुसऱ्याला दिलं. मी ते स्वीकारणार नव्हतोच.

आज एका बाईने आत्याला विचारलं, थंडीत केस किती दिवसांनी धुवावेत हो? आत्या म्हणाली, मला काय ठाऊक, मी तर आत्ता शिकतेय. या विषयाचा घरात ज्याने अभ्यास केलाय तो माणूस आतल्या खोलीत बसलेला होता. मी तिथूनच मोठ्याने सांगायला सुरुवात केली: नॅचरल ऑइल, पाण्याचा खारेपणा, हवामान. मग दमयंतीने उठून मधलं दार लोटून घेतलं.

संध्याकाळी तिने बंब पेटवला, आत्यासाठी. मला विचारलं, तुम्हालाही काढू का गरम पाणी? मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, राहू दे. ओल्या फडक्याने होईल.