बाळयेशू कुरिअरने पाठवू नये

कोर्लई,
आगमनकाळाचा तिसरा रविवार

ती. कार्मेलीनबायस,

धाकट्या जेरोमचा जय ख्रिस्त. इकडे मी, इनास आणि आमची शेळी खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तो बरा असतो आणि नाताळाचं विचारलं की लगेच दुखायला लागतो, म्हणून यंदा कागदावर विचारतोय. कागदाला ‘बघू रे’ म्हणून ठेवून देता येत नाही.

आज चर्चमध्ये तिसरी, गुलाबी मेणबत्ती लागली. फादर म्हणाले, आशेने वाट पाहणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, घर तयार ठेवणं. मी तयारीलाच लागलोय. ओसरीत गोठा बांधलाय, मारिया, योसेफ, मेंढरं सगळी जागेवर. फक्त गव्हाण रिकामी, कारण आईचा बाळयेशू वसईला तुझ्याकडे. (तिने तुला दिला, माझी तक्रार नाही. तू दर नाताळला घेऊन यायचीस.) तू यायची थांबलीस त्या वर्षी मी अलिबागहून नवा बाळ आणला, तो योसेफाहून थोराड निघाला. गेल्या वर्षी इनासने नातीची बाहुली दुपट्यात गुंडाळून ठेवली. फादर आशीर्वाद द्यायला वाकले, त्यांचा हात लागला आणि बाहुली हिंदी गाणं म्हणायला लागली. गाणं पूर्ण होईपर्यंत आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. तेव्हाच ठरवलं, आता बदली बाळ नाही. येईल तर तुझ्या हातून येईल, नाहीतर गव्हाण रिकामी राहील आणि विचारणाऱ्याला मी तुझं नाव सांगेन.

आईची रीतही पुन्हा धरलीय. आठवते ना? आगमनकाळात एक चांगलं काम केलं की गव्हाणीत पेंढ्याची एक काडी, म्हणजे नाताळच्या रात्री बाळाला मऊ बिछाना. (लहानपणी तुझ्याच काड्या जास्त भरायच्या. तू माझ्या उचलायचीस असा मला अजून संशय आहे.) पण या वयात चांगलं काम मिळणं सोपं नाही. शेजारच्या मनुबाईचे वाळत घातलेले बोंबील राखायला बसलो, तर माझा डोळा लागला आणि मांजराने माझ्या पायापाशीच जेवण उरकलं. अनंताची होडी ओढायला हात लावला, तर तो ती पाण्यात लोटत होता आणि मी मागून किनाऱ्याकडे ओढत होतो. शेवटी मनुबाईने मला गाठलं. म्हणाली, “निवडनुकीला उभा ऱ्हातोस व्हय? मत तुलाच देन, पन माझ्या बोंबलांपासून लांब ऱ्हा.” आता गावभर तीच चर्चा आहे आणि सरपंच मला पाहून आधी नमस्कार करतात. तरी काड्या जमत होत्या. काल शेळीने दावं तोडलं आणि माझी सगळी सत्कर्मं एका बैठकीत खाल्ली. इनास म्हणाली, सोडा आता. मी सोडणाऱ्यातला नाही. आज चर्चमधली मिस्सा झाल्यावर पहिल्यापासून सुरुवात केली. पहिली काडी शेळीला न मारल्याची.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा वाट पाहणारा भाऊ,
जेरोम

ता. क. : तुझी लेक म्हणाली, ‘मामा, बाळ कुरिअरने पाठवते.’ खोक्यात एकटा आला तर आल्या पावली परत पाठवीन. पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून घेतलाय. नवा कमोडही बसवलाय, त्याचं उद्घाटन तुझ्यासाठी राखून ठेवलंय.

आणखी एक : खरं सांगायचं तर बाळयेशू विसरलीस तरी चालेल. बरोबर मापाचा एक परवाच आणून कपाटात ठेवलाय. (इनासला माहीत नाही.) मला तू हवी आहेस. तू नसलीस की स्वतःच्या घरात नाताळ परक्यासारखा वाटतो, बाय.

शेवटचं : हे पत्र ज्याने तुझ्या हातात दिलं तो अनंताचा विनेश. त्याच्या टेम्पोतले नारळ वसईच्या बाजारात उतरलेत, परतताना पुढची सीट तुझी आहे. तुला घेतल्याशिवाय दारातून हलायचं नाही असं त्याला बजावलंय, आणि पोरगा शब्दाचा पक्का आहे. नुसतं बसलं की त्याला भूक फार लागते. तुझ्या घरातला तांदूळ संपायच्या आत पिशवी भर.